राजुऱ्याहून उनकेश्वर: एका दिवसात शंभर कोटी वर्षं

पहाट : वर्धेचा काठ

डिसेंबर महिना. राजुऱ्याच्या बसस्थानकाजवळच्या टपरीवर पोह्यांची पहिली कढई चढली आहे आणि तर्रीचा वास गार हवेत लांबवर पसरला आहे. तुमच्या पिशवीत ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा आणि एक कोरडा टॉवेल आहे. टॉवेल दुपारी लागेल. आज माणिकगडाचे अवशेष पाहायचे आहेत आणि पैनगंगेच्या काठी उनकेश्वरला जमिनीतून वर येणाऱ्या उष्ण पाण्यात अंघोळ करायची आहे. दोन्ही ठिकाणं राजुऱ्याच्या पश्चिमेला. तरी गाडी आधी उलट्या दिशेनं, वर्धेच्या पुलावर घ्या. आज अंतराबरोबर काळही कापायचा आहे आणि त्याची वाट या नदीवरून सुरू होते.

पुलावर धुकं आहे. कोळशाचे ट्रक दिवे लावून एकामागून एक जात आहेत. पलीकडे बल्लारपूर जागं होतं आहे. कठड्याला हात टेकवा. लोखंड गार लागतं, आणि पुढच्याच क्षणी हाताखाली काहीच उरत नाही.

1947 चा डिसेंबर. पूल गेला. पाय ओल्या वाळूत रुतले आहेत. काठाला ढिवराचा डोंगा लागला आहे आणि त्यात चार माणसं, दोन शेळ्या आणि कापसाचं एक गाठोडं आहे. "चाला, बसा लवकर, उजाडाच्या आत पोचू," ढीवर दबक्या आवाजात म्हणतो. घाई कशाची, ते तुम्हांला कळायला वेळ लागत नाही. तुम्ही उभे आहात तो काठ हैदराबादच्या निजामाचा आहे, जिल्हा आदिलाबाद. पलीकडचा काठ मध्यप्रांताचा, म्हणजे स्वतंत्र भारताचा. देशाला स्वातंत्र्य मिळून चार महिने झाले, पण या वाळूत तिरंगा लावणं अजून गुन्हा आहे. तिकडे जायचं तर करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडं उघडून दाखवावं लागतं. खिशातला हाली सिक्का पलीकडे चालत नाही, तिथं कलदार लागतो. कचेरीतला कागद उर्दूत, बाजारातला भाव तेलुगूत आणि मराठीत, डोंगरातली हाक गोंडीत नाहीतर कोलामीत. डोंग्यातला एक तरुण गाठोड्यावर हात घट्ट दाबून बसला आहे. कापसाखाली पत्रकं आहेत. शेजारची म्हातारी त्याच्याकडे एकदाच बघते आणि आपल्या पदराचं टोक त्या गाठोड्यावर पसरून देते.

थोडं पुढे सरका. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरतं आणि 17 तारखेला निजाम शरण येतो. राजुऱ्यात आजही 17 सप्टेंबर हा मुक्तिदिन आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा आदिलाबादमधून निघून मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात गेलं. 1959 मध्ये ते चांदा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडलं गेलं. दुपारी ज्या किनवट तालुक्यात तुम्ही अंघोळ करणार आहात तोही तेव्हा आदिलाबादचाच होता. तो नांदेडला गेला आणि तिथंच राहिला. राजुरा आणि उनकेश्वर एका जिल्ह्याची लेकरं, पुढे दोन घरी नांदायला गेलेली.

आता आणखी पाचशे वर्षं मागे जा. धुकं तसंच आहे. पलीकडच्या तीरावर बल्लारपूरच्या किल्ल्याच्या भिंती नव्या आहेत आणि चुन्याचा वास अजून ओला आहे. खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा सिरपूरची राजधानी सोडून इथं आला आहे. त्याच्या अंगभर फोड आहेत. वैद्य झाले, मंत्रतंत्र झाले, गुण नाही. दंतकथा सांगते की शिकारीला गेलेला हा तहानलेला राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्याशी आला, तिथलं पाणी प्याला, त्यानं हातपाय धुतले, आणि रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपला. सकाळी राणीनं पाहिलं तर फोड सुकलेले. दोघं परत त्या खळग्याशी गेले, तिथं अचलेश्वराचं स्थान झालं, आणि जवळच चंद्रपूरचं परकोटाचं शहर वसलं.

ही कथा मनात ठेवा. गड बांधणारा राजा आणि अंगावरच्या व्रणांनी हैराण झालेला माणूस एकच आहे. दिवस मावळायच्या आत तुम्हांला अशीच दुसरी कथा भेटणार आहे.

सकाळ : शंभर कोटी वर्षांचा रस्ता

गाडी वळवा. राजुऱ्याहून गडचांदूरकडे निघालं की दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस दिसतो, तुरीला पिवळी फुलं आहेत. मागे सास्ती, गोवरी, पवनीच्या कोळशाच्या खाणी राहिल्या. तो कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुनं जंगल. दक्षिणेकडची खंडं तेव्हा एकमेकांना जोडलेली होती, आणि इथल्या दलदलीत वाढलेली झाडं गाळात गाडली जाऊन त्यांचे काळे थर झाले.

गडचांदूर जवळ आलं की सिमेंट कारखान्यांची धुराडी दिसू लागतात. ती इथं आहेत याचं कारण रस्त्याच्या खाली आहे. गाडी थांबवा, कडेच्या चुनखडकावर बसा, आणि मागे जायचं तर खूपच मागे जा.

शंभर कोटी वर्षं. तुमच्या आजूबाजूला समुद्र आहे. जमिनीवर गवताचं पातं नाही, आकाशात पाखरू नाही, पाण्यात मासा नाही. जगात जे काही जिवंत आहे ते बहुतेक डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक आहे. समुद्राच्या तळाशी चुन्याचा मऊ गाळ सावकाश बसतो आहे. त्यावर पुन्हा गाळ, पुन्हा गाळ, गोधडीत जुनी लुगडी एकावर एक घालत जावीत तसा. भूशास्त्रज्ञ या खडकांना पैनगंगा गट म्हणतात आणि त्यातल्या चुनखडकाला चांदा चुनखडक. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टनं झाकलेला आहे. त्या झाकणाची कड या भागात संपते आणि खालचं जुनं अंग उघडं पडतं. शंभर कोटी वर्षांपूर्वीचा हा गाळ भट्टीत जाऊन पोत्यात भरला जातो, त्याची घरं होतात, धरणं होतात. त्यात वाईट काही नाही. फक्त एक पोतं उचलताना ते भरायला किती काळ लागला हे एकदा मनात यावं.

दुपारच्या आधी : माणिकगड

गडचांदूरहून जिवतीकडे जाणारा रस्ता डोंगर चढू लागतो. साग, ऐन, मोह, तेंदू. हवा बदलते. याच डोंगररांगेत माणिकगड आहे. हे दाट जंगल आहे, बिबट्या आणि अस्वल इथले रहिवासी आहेत, तेव्हा गावातला जाणता माणूस सोबत घ्या आणि उन्हं वर आल्यावरच आत शिरा.

गडाचा दगड काळा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचला. या भागातला तो शेवटचा मोठा अग्नी. तुम्ही आज ज्या उष्ण पाण्याकडे निघाला आहात त्याची ऊब या लाव्ह्याची असेल असं कोणालाही वाटेल. ते खरं नाही. तो लाव्हा केव्हाच थंड होऊन दगड झाला आहे. पाण्याची ऊब कुठून येते ते पाण्याशी गेल्यावर बघू.

दरवाज्याखाली उभे राहा आणि मान वर करा. पट्टीवर नाग कोरलेला आहे. पावसानं त्याची कड झिजली आहे, पण वेटोळं ओळखू येतं. हात पोचत असेल तर लावू नका, नुसतं बघा.

नववं शतक. तुमच्या कानांत छिन्नीचा आवाज शिरतो. काळे दगड ओंडक्यांवरून ओढत आणले जात आहेत, दोर ताणले आहेत, माणसं एका सुरात ओरडत आहेत. परंपरा सांगते की हा गड माना नागवंशी राजा गहिलूनं बांधला आणि माणिक्यादेवीच्या नावानं ओळखला गेला. वैरागड, सुरजागड, माणिकगड ही नागवंशी सत्तेची ठाणी. पाथरवट नागाच्या डोळ्यावर शेवटचा घाव घालतो, फुंकर मारून भुकटी उडवतो आणि मागे सरून बघतो. शेजारी उभ्या असलेल्या पोराला तो म्हणत असेल, हा जागा असला की कोणी आत येणार नाही.

लोक आत आले. गोंड राजे आले, त्यांनी गड राखला. सोळाव्या शतकाच्या शेवटी अकबराच्या दरबारात अबुल फजल आईन-ए-अकबरी लिहीत होता, तेव्हा वऱ्हाड सुभ्याच्या यादीत त्यानं माणिकदुर्ग नावाचं सरकारही नोंदवलं. हा डोंगर तेव्हा एका मोठ्या मुलखाचं नाव होता. पुढे मुघल गेले, निजाम आला, ठाणी खाली मैदानात हलली. एक दिवस शेवटचा पहारेकरी खाली उतरला आणि त्याच्या जागी दुसरा कोणी वर गेला नाही.

आता ती शंभर-दीडशे वर्षं डोळ्यांसमोरून भरभर जाऊ द्या. पहिल्या पावसाळ्यात तटाच्या सांध्यात वडाचं बी रुजतं. मुळं फटीत शिरतात, दगड बोटभर सरकतो, पुढच्या पावसात हातभर. बुरुज आतल्या बाजूला बसतो. तळ्यात गाळ येतो, गाळावर गवत, गवतात रानडुकरं. तोफ होती तिथं बांबूचं बेट. शत्रूनं सुरुंग लावला नाही, कोणी वेढा घातला नाही. माणसं यायची थांबली, एवढंच झालं.

दगडावर बसून भाकरी खा आणि एक गोष्ट लक्षात घ्या. गड पडला तरी दरवाज्यावरचा नाग मेला नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतली माना जमात आजही मार्गशीर्षात नागदिवाळी साजरी करते. गावोगावी घरात नागाची पूजा होते. तो पाथरवट आज परत आला तर त्याला आपला गड ओळखू येणार नाही, पण नागदिवाळीच्या दिवशी एखाद्या घरात शिरला तर आपण कुठं आलो आहोत हे त्याला लगेच कळेल.

भर दुपार : दोन राज्यांच्या मधला डोंगर

खाली उतरून कोरपन्याच्या रस्त्याला लागा. पुढे महाराष्ट्र संपतो आणि बेल्याच्या वाटेनं तुम्ही आदिलाबादला पोचता. फलकावरची अक्षरं बदलतात, शेतातला कापूस तोच राहतो. डाव्या हाताला लांबवर दिसणाऱ्या निळ्या डोंगरांत जिवती तालुक्यातली चौदा गावं आहेत. त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचाही हक्क सांगितला जातो. तिथल्या लोकांना दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्हीकडच्या शाळा, दोन्हीकडचं मतदान. त्याच डोंगरात गोंडांच्या जंगुबाईचं गुहेतलं स्थान आहे. पौषात इथं वेगवेगळ्या राज्यांतून भाविक चालत आणि बैलगाड्यांनी येतात. देवीच्या दाराशी कोणी कार्ड मागत नाही.

1940. त्याच डोंगरांच्या पोटात जोडेघाट आहे. ऑक्टोबरच्या गारव्यात शेकोट्या पेटल्या आहेत. गोंडांचा पुढारी कुमराम भीम जल, जंगल आणि जमिनीवरच्या हक्काबद्दल बोलतो आहे. जंगल राखीव झालं, शेतं सावकाराच्या आणि पट्टेदाराच्या नावावर चढली, जनावरं चारायलाही पैसे मोजावे लागू लागले, तेव्हा गोंड आणि कोलाम उठले. निजामाच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि भीम मारला गेला. हे का घडलं ते समजून घेण्यासाठी निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला बोलावलं. तो मारलवाई गावात गोंडांमध्ये राहिला, आणि 1948 मध्ये त्याचं 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे पुस्तक आलं. संध्याकाळी प्रधान, म्हणजे गोंडांचा गाथागायक, किंगरी घेऊन बसतो आणि कुळाच्या मूळपुरुषांची गाथा गातो, ते ऐकायला सगळा वाडा जमतो. त्या गाथेत राजांच्या गडांपेक्षा डोंगर, गुहा आणि नद्या जास्त येतात. देव तिथंच राहतात आणि लेकरं वर्षातून एकदा त्यांना भेटायला जातात.

गड पडला आणि नाग कसा टिकला, हा माणिकगडावरून उतरताना मनात आलेला प्रश्न इथं अर्धा सुटतो. भिंत टिकवायला राजा लागतो, पगारी शिपाई लागतो. स्थान टिकवायला फक्त दरवर्षी येणारी माणसं लागतात.

तिसरा प्रहर : उनकेश्वर

आदिलाबाद मागे टाकून पुन्हा महाराष्ट्रात, किनवट तालुक्यात या. पैनगंगा जवळ आली की जमीन उतरत जाते. पलीकडे यवतमाळ जिल्हा. उनकेश्वर हे नदीकाठचं छोटं गाव. महादेवाचं जुनं दगडी देऊळ, आणि शेजारी कुंड. हिवाळ्यात पाण्यावर वाफेचा पातळ पदर दिसतो.

लगेच उतरू नका. आधी देवळापाशी थांबा.

तेरावं शतक. देवगिरीवर यादवांचं राज्य आहे. चुन्याशिवाय, दगडात दगड बसवून देऊळ उभं राहतं आहे. एक माणूस शिळेवर मराठी अक्षरं कोरतो आहे आणि दानाची वाक्यं एकेक करून उमटत आहेत. त्याच शतकाच्या शेवटी, 1290 मध्ये, तिकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी होणार आहे. मराठी दोन्हीकडे दगडावर आणि ओवीवर एकाच वेळी स्थिर होते आहे. कुंडाच्या काठावर एक वाटसरू आपल्या कोडानं भरलेल्या हातांवर पाणी ओततो आहे. त्याला कोणी हाकलत नाही. इथं सगळे त्याचसाठी आले आहेत.

आता ती दुसरी कथा. वनवासात असताना श्रीराम या अरण्यात आले. इथं शरभंग ऋषींचा आश्रम होता आणि ऋषींचं अंग त्वचेच्या रोगानं पिडलेलं होतं. रामानं जमिनीत बाण मारला, उष्ण पाण्याची धार उसळली आणि त्या पाण्यानं ऋषी बरे झाले. सकाळी झरपटीच्या खळग्याशी राजा होता, इथं ऋषी आहे. दोन्हीकडे दुखणं तेच आणि औषधही तेच. औषधाची दुकानं नव्हती त्या काळी खाजवून रक्त काढणाऱ्या माणसाला या अरण्यात आसरा होता तो पाण्याचा. म्हणून त्यानं आपल्या कथेत राजाला आणि ऋषीला आपल्याच रांगेत उभं केलं.

आता पावसाच्या थेंबाबरोबर खाली चला. शेकडो, कदाचित हजारो वर्षांपूर्वीचा एक मृगाचा पाऊस. थेंब डोंगरावर पडला, पानावरून मातीत, मातीतून दगडाच्या बारीक चिरेत उतरला. बाकीचे थेंब ओढ्यानं नदीला गेले, हा खाली जात राहिला. उजेड संपला. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. खडकांत मुळात असलेल्या किरणोत्सारी द्रव्यांचं सावकाश होणारं विघटन आणि पृथ्वीच्या जन्मापासून आत राहिलेली ऊब, या दोन्हींची ही धग. थेंब तापतो. खडकातले क्षार हळूहळू त्यात विरघळतात. वर येणारी वाट मोकळी असेल तरच तो परत येऊ शकतो, नाहीतर तिथंच राहील. या पट्ट्यातून कड्डम भ्रंश जातो, म्हणजे भूकवच तुटून सरकल्याची मोठी रेषा. अशा तुटीतून दाबाखालचं गरम पाणी वेगानं वर चढतं, वाटेत थंड व्हायला त्याला सवड मिळत नाही. ते जिथं पृष्ठाला भेटतं, तिथं कुंड.

महाराष्ट्रात कोकणात असे झरे पुष्कळ आहेत. वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे, राजापूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी ओळीनं. पूर्वेकडे ते विरळ होत जातात. भारतातल्या उष्ण झऱ्यांची पहिली मोठी यादी थॉमस ओल्डहॅम यांनी केली आणि ती 1883 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे तीनशे झरे आहेत. इंग्लंडमधल्या बाथ शहरात 46 अंशांचं पाणी असंच खोलवरून येतं. रोमन लोकांनी तिथं सुलिस मिनर्व्हा देवतेचं मंदिर आणि स्नानगृहं बांधली. रोमन सत्ता गेली, छपरं कोसळली, पण पाणी वाहत राहिलं आणि लोकांनी पुन्हा पुन्हा त्याच जागी नवी कुंडं बांधली. तिथंही देऊळ पडलं आणि झरा उरला.

आता उतरा. पहिल्या पायरीला पाऊल मागे घ्यावंसं वाटतं. तिसऱ्या पायरीपर्यंत अंग पाण्याला सरावतं. मानेपर्यंत बसा. डोंगर चढून आखडलेल्या पोटऱ्या सैल होतात. खांद्यावरचा दिवसभराचा ताण पाण्यात विरतो. आजूबाजूला त्वचेच्या विकारासाठी मुक्कामाला आलेली माणसं आहेत, लेकरांना घेऊन आलेल्या आया आहेत. शेजारी बसलेले आजोबा विचारतात, "कोठचे, बाबा?" राजुऱ्याचे म्हटल्यावर ते मान हलवतात, "म्हंजे आपल्याच आदिलाबादकडचे." त्यांच्या मनातला नकाशा 1956 च्या आधीचा आहे आणि तो चुकीचा नाही. त्वचेच्या दुखण्याला डॉक्टर जरूर दाखवावा, पण या पाण्यानं आजोबांना मिळतो तो आराम खरा आहे आणि शेजाऱ्याशी बोलायला मिळतं तेही खरं आहे.

कुंडातून ओसंडलेलं पाणी पैनगंगेत जातं. पैनगंगा घुग्घुसजवळ वढ्याला वर्धेला मिळते आणि वर्धा राजुऱ्याच्या पुलाखालून पुढे जाते. त्या वाटेवर ते किती जिल्ह्यांतून आणि राज्यांच्या कडेकडेनं गेलं याचा पाण्याला हिशेब नाही.

संध्याकाळ : काय टिकतं

अंग कोरडं करून पायरीवर बसा. दिवसभर तुम्ही पाहिलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडा. एकीकडे भक्कम काळ्या दगडाचा गड, राजानं राखलेला, बादशहाच्या दफ्तरात नोंदलेला. दुसरीकडे जमिनीची एक भेग, तिच्यातून येणारं पाणी, आणि भोवती खाज, फोड, सांधेदुखी घेऊन आलेली साधी माणसं. गडाकडे जाण्याचं कारण सत्तेबरोबर संपलं. पाण्याकडे जाण्याचं कारण माणसाच्या कातडीत आहे, ते संपणार नाही. आणि लोक येत राहिले म्हणूनच देवळाची डागडुजी झाली, कुंडाला पायऱ्या आल्या, कथा सांगितली गेली.

यातून आपल्यासाठी एक काम निघतं. माणिकगड असो की राजुऱ्याच्या दक्षिणेला देवाड्याजवळचं पडझड झालेलं सिद्धेश्वराचं देऊळ असो, या जागांचं मोठं दुखणं एकटेपण आहे. ज्या ठिकाणी माणसं नीट जातात, विचारपूस करतात, तिथं गावाला त्या दगडाची किंमत कळते, मग गुप्तधनासाठी खोदणाऱ्यांना गावच अडवतं. राजुऱ्याच्या, जिवतीच्या, किनवटच्या शाळांनी सहल दूरच्या शहरात नेण्याआधी एकदा इथं आणावी. माना, गोंड, कोलाम समाजातल्या जाणत्यांना पोरांसमोर बोलतं करावं, कारण गडाचा इतिहास त्यांच्या सणांत आणि गाण्यांत जास्त शिल्लक आहे. वनखात्याचे नियम पाळावेत, तटावर नावं कोरू नयेत, पडलेला कोरीव दगड घरी नेऊ नये. कुंडात साबण आणि शाम्पूच्या पुड्या सोडू नयेत, कारण हे पाणी वर यायला किती काळ लागला हे तुम्हांला आता ठाऊक आहे. आणि झऱ्याभोवती बोअर मारण्याआधी भूजल जाणणाऱ्याला विचारावं. भेगेतून येणाऱ्या पाण्याचा दाब एकदा गेला की तो परत आणणं आपल्या हातात नाही.

गहिलूचा गड पुन्हा उभा राहणार नाही आणि त्याची गरजही नाही. जे पडलं आहे ते तसंच, ओळखू येईल असं राहिलं तरी पुष्कळ. ते राखायला आता राजा येणार नाही. तुमच्यासारख्या माणसांनी भाकरी बांधून निघायचं, जाणत्याला सोबत घ्यायचं, पाहायचं, विचारायचं आणि पुढच्या वर्षी आणखी दोघांना घेऊन यायचं. जंगुबाईची गुहा आणि उनकेश्वरचं कुंड अशाच येण्याजाण्यानं आजवर जिवंत राहिली आहेत. माणिकगडालाही तेच हवं आहे.